अवग्रह

बेलेमच्या सरकारी दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर
खिडक्यांना काळं कापड ठोकलेली खोली माझी.
खाली रस्ताभर आंब्याची झाडं.
सायकलींच्या पत्र्यावर आंबा आदळला
की आतला पेशंट दचकतो,
आणि केसाइतकं नेमलेलं सगळं हुकतं.

ओसेआस, वय चौदा, माराजो बेटावरचा.
रात्रभर बोटीत झोळीत झोपून आला.
सोबत मावशी इवोनेत
आणि केळीच्या पानात म्हशीच्या चीजचा गोळा, माझ्यासाठी.
पोरगा गोलरक्षक.
डावीकडून येणारा चेंडू तीन महिने दिसत नव्हता त्याला.
बोलला नाही कुणापाशी.
पोरं म्हणाली, पैसे खाल्लेस.
तेव्हाही बोलला नाही.

पहिल्या दिवशी काही सापडलं नाही.
डोळ्याच्या तळाशी नुसत्या फिकट खुणा,
गाळातून बगळा चालत गेल्यासारख्या.
बगळा नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
डोळ्यांत तेल घालून बसले होते.
ही म्हण ज्यानं केली
तो दुसऱ्याच्या डोळ्यात दोन तास बसला नसणार.

तिसऱ्या दिवशी दिसलास.
पांढरा, बारीक, अवग्रहासारखा वळलेला,
ज्याला स्वतःचा उच्चार नसतो,
नुसतं मागच्या अक्षराला ताणत राहणं.
मी दिवा टाकला, तू सरकलास.
घाईनं नाही.
भाडं थकलेला माणूस
जिन्यात मालकाचा खोकला ऐकून सरकतो, तसा.

तुला उजेड सोसत नाही
आणि राहायला आलास कुठे?
जगातला सगळा उजेड जिथं येऊन पडतो
त्या पडद्यात.
बापड्या, हा पत्ता तुला दिला कुणी?
कुठल्याशा जनावराच्या आतड्यात जायचं असणार तुला,
मातीतून, पोराच्या नखातून वाट चुकलास.
असणार, म्हणते. नक्की ठाऊक नाही.
पुस्तकंही इथं जरा घसा खाकरतात.

हनुवटी पट्टीवर. कपाळ पट्ट्याला टेकव.
बधिर करणारा थेंब, वर भिंग.
श्वास घे, पण हलू नकोस.
तू नेमका मधोमध, जिथं अक्षरं वाचली जातात,
माणसांचे चेहरे ओळखले जातात.
तिथं तुला मारता येत नाही.
म्हणून उजेडानंच हाकलत नेलं तुला कडेला,
म्हशी पाण्यातून काढतात तसं,
हळू, आवाज न करता.
अजून थोडा. अजून.
मावशी कोपऱ्यात देवाचं नाव घेत होती की हिशोब करत होती कोण जाणे.

आंबा पडला.
ओसेआस हलला नाही.
गोलरक्षक आहे, पेनल्टीला उभं राहायची सवय.

हिरवा ठिपका. हिरवा ठिपका.
आधी भोवती कुंपण, मग तुझ्यावरच.
तू एकदा आखडलास,
आणि मग अक्षर नव्हतास, नुसती रेघ.

"आता तो कुठे जाईल?"
कुठेच नाही. तिथंच विरेल हळूहळू.
"म्हणजे पुरला माझ्यात?"
हो.
जरा वेळ गप्प राहिला.
मग ज्याची मी वाट पाहत होते आणि जो नको होता तो प्रश्न:
"डावीकडचं परत येईल?"
जे गेलं ते बहुतेक गेलं, म्हटलं.
राहिलेलं खाणारा आता कुणी नाही.
हे वाक्य मी बऱ्याच जणांना सांगितलंय.
प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा आखूड वाटतं.

कागदावर लिहिलं: डावा डोळा, बोटं मोजतो, तीन फुटांवरून.

दाराशी तो थांबला,
उजवा डोळा मिटून हात पुढे केले,
"टाका काहीतरी. डावीकडून."
टेबलावर सकाळी वेचलेला आंबा होता. टाकला.
त्याच्या खांद्यावर फुटला, बाहीभर रस.
मावशी ओरडली.
त्यानं मान थोडी डावीकडे वळवली,
पाय जरा फाकवले,
म्हणाला, "आता परत."
एकच होता माझ्याकडे.
थांब, खालून आणते, म्हटलं.
बाहेर बाकावर पाच जण बसले होते, नंबर धरून.